नाशिकच्या दुकानदारांना आणि त्यांची नकाशावर नोंद करून देणाऱ्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

गूगल मॅपवर तुमच्या दुकानाच्या नावाखाली बारीक अक्षरांत एक-दोन शब्द दिसतात. 'रेस्टॉरंट', 'हॉस्पिटल', 'ज्वेलरी स्टोअर' असं काहीतरी. ती तुमच्या धंद्याची कॅटेगरी. नाव बरोबर आलं का, फोन लागतो का, फोटोत नवा बोर्ड दिसतो का, हे आपण दहादा बघतो. कॅटेगरी मात्र नोंद करून देणाऱ्या पोराने यादीत जे पहिलं दिसलं ते दाबून टाकलेली असते, आणि मग वर्षानुवर्षं तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

मी पंचवटीत मेडिकल चालवतो. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा ओपनस्ट्रीटमॅपवर नाशिकच्या गल्ल्या आणि दुकानं भरत बसतो. हा नकाशा 2004 साली इंग्लंडमध्ये सुरू झाला, कुणाही माणसाला त्यात भर घालता येते आणि त्याचे पैसे मिळत नाहीत. घरच्यांच्या मते हा रिकामपणचा उद्योग आहे. पण त्यामुळे काउंटरच्या आतून धंदा कसा दिसतो आणि नकाशावर तोच कसा दिसतो, हे दोन्ही रोज डोळ्यांसमोर असतं. दोन्हींत जे अंतर पडतं त्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आता लिहायचं कारण सिंहस्थ. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पर्वण्या आहेत. रस्ते, घाट, पूल, पार्किंग यांवर रोज वर्तमानपत्रांत छापून येतं आहे. बाहेरगावचा माणूस मात्र शहरात उतरल्यावर आधी खिशातला फोन काढणार. 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर आपल्या सगळ्या पाट्या ठसठशीत देवनागरीत झाल्या, ते उत्तमच झालं. पण विजयवाड्याहून आलेल्या आजोबांना त्या वाचता येणार नाहीत, आणि लंडनमध्ये वाढलेल्या त्यांच्या नातवालाही नाहीत. ते फोनला विचारणार, आणि फोन कॅटेगरी बघून उत्तर देणार.

यंत्राची रीत साधी आहे. गूगलच्या यादीत काही हजार कॅटेगऱ्या आहेत. आपल्याला नवी बनवता येत नाही, असलेल्यांतूनच घ्यावी लागते. एक मुख्य आणि तिच्यासोबत जास्तीत जास्त नऊ जादा. तुम्ही निवडता तो शब्द तुम्हाला तुमच्या भाषेत दिसतो, पण आत त्याचा एक ठरावीक संकेत साठवला जातो, आणि बघणाऱ्याच्या फोनची जी भाषा असेल तिच्यात तो उलगडतो. म्हणजे रविवार कारंज्यावर बसून तुमच्या भाच्याने जे दाबलं ते तेलुगू माणसाला तेलुगूत आणि जर्मन माणसाला जर्मनमध्ये दिसणार. तो संकेत मुळात कुठल्या देशातल्या दुकानाला समोर ठेवून तयार झाला, हे म्हणून महत्त्वाचं ठरतं.

सगळ्यात आधी डॉक्टर मंडळींशी बोलतो, कारण इथली चूक जिवावर बेतू शकते.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे दहा-वीस खाटांचं खासगी रुग्णालय. बाळंतपण, सिझेरियन, अपेंडिक्स, डेंग्यूचं सलाईन, सगळं तिथे होतं. सरकारदरबारी त्याची नोंदणीही 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखालीच होते. त्यामुळे गूगलच्या यादीत 'नर्सिंग होम' दिसलं की डॉक्टरसाहेब निर्धास्तपणे तेच घेतात. कागदावर तसंच लिहिलेलं आहे, मग चूक कसली? पण अमेरिकेत ज्या जागेला हे नाव आहे तिथे अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना महिनोन् महिने, कित्येकदा शेवटपर्यंत ठेवून त्यांची शुश्रूषा करतात. तिथे ऑपरेशन थिएटर नसतं आणि बाळंतपणाचा तर प्रश्नच नाही. गूगलचा संकेत त्या जागेसाठी आहे. फोनची भाषा जर्मन असेल तर तुमच्या प्रसूतिगृहाच्या नावाखाली तिथल्या वृद्धशुश्रूषागृहाचा शब्द येतो.

परदेशी माणूस आपल्या नर्सिंग होममध्ये येतोच किती, असं कुणी म्हणेल. बरं, त्याला सोडून द्या. आडगाव नाक्यावर मुक्काम पडलेल्या कुटुंबातल्या सुनेला रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या. नवरा फोनवर 'हॉस्पिटल' शोधतो आहे. तुमचं प्रसूतिगृह दोन गल्ल्या पलीकडे, दिवा चालू, सिस्टर जागी. पण तुम्ही यंत्राला सांगून ठेवलं आहे की आपण वृद्धांना सांभाळतो. ते तुम्हाला खाली ढकलेल, नाहीतर दाखवणारच नाही. मुख्य कॅटेगरी 'हॉस्पिटल' घ्या, सोबत स्त्रीरोग-प्रसूतितज्ज्ञांची जोडा. 'नर्सिंग होम' नावात राहू द्या. पाटीवर आहे, वहिवाट आहे, तिला कुणाची हरकत नाही.

याच्या उलट प्रकार दवाखान्यांचा. एकच डॉक्टर, सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते नऊ, खाट एकसुद्धा नाही, आणि नकाशावर मात्र 'हॉस्पिटल'. का, तर वजनदार वाटतं. ओपनस्ट्रीटमॅपवर यासाठी तीन वेगळे टॅग, म्हणजे जागेचा प्रकार सांगणाऱ्या खुणा, आहेत: डॉक्टरची खोली, क्लिनिक आणि हॉस्पिटल. हॉस्पिटल तेच, जिथे रुग्णाला दाखल करून घेतात. तातडीची सेवा आहे की नाही, हेही तिथे वेगळं नोंदवता येतं. मी नोंद करायला जातो तेव्हा रिसेप्शनवर दोनच गोष्टी विचारतो: रात्री इथे कुणी थांबतं का, आणि रात्री कुणाला आणलं तर घेता का. बहुतेक वेळा तेवढ्यात निकाल लागतो. आरोग्य विज्ञान विद्यापीठ ज्या शहरात आहे तिथे हे एवढं तरी नीट असावं.

आता माझा धंदा. आपण 'मेडिकल' म्हणतो, संघटनेच्या नावात 'केमिस्ट' असतं, आणि परवाना नमुना 20 आणि 21 मध्ये मिळतो. यादीत 'मेडिकल' लिहून शोधायला जाल तर 'मेडिकल सप्लाय स्टोअर' ही कॅटेगरीही समोर येते, आणि ती व्हीलचेअर, वॉकर, ऑक्सिजनचं सामान विकणाऱ्यांची आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर याहून गमतीचा घोळ आहे. तिथले टॅग ब्रिटिश इंग्रजीत, आणि ब्रिटनमध्ये केमिस्ट म्हटलं की लोक औषधाच्या दुकानातच जातात. पण या नकाशावर 'केमिस्ट' हा टॅग ठरला तो शांपू, साबण, टूथपेस्ट, डायपर विकणाऱ्या आणि चिठ्ठीवरचं औषध न देणाऱ्या दुकानासाठी. जर्मनीत अशी मोठमोठी दुकानं चौकाचौकांत असतात, त्यांना तिकडे ड्रोगेरी म्हणतात. माझी मुलगी तिकडे नोकरीला आहे. तिने पहिल्याच महिन्यात फोन करून सांगितलं, 'बाबा, इथे साधी पॅरासिटामॉलसुद्धा त्या दुकानात मिळत नाही.' मिळणारच नाही. जर्मनीत ती गोळी फक्त आपोथेकमध्ये, म्हणजे फार्मासिस्ट असलेल्या दुकानातच विकता येते. अमेरिकेत हीच गोळी किराणा मालाच्या दुकानात फळीवर ठेवलेली असते, आणि तिथल्या ड्रगस्टोअरमध्ये औषधांच्या जोडीला दूध आणि वाढदिवसाची कार्डंही मिळतात.

प्रत्येक देशाने औषध आणि साबण यांच्यामधली रेघ वेगळ्या जागी ओढली आहे. नवख्या माणसाला ते ठाऊक नसतं. त्याला एवढंच हवं असतं की चिठ्ठी दाखवली तर समोरचा माणूस औषध काढून देईल का. देत असाल तर तुम्ही 'फार्मसी'. गूगलवरही आणि ओपनस्ट्रीटमॅपवरही. आयुर्वेदिक औषधांची विक्री करणाऱ्या बांधवांना मात्र हात जोडून विनंती आहे की तुम्ही फार्मसी घेऊ नका. तुम्हाला आमच्यासारखा परवाना लागत नाही, कारण तुमचा माल वेगळा आहे. मेळ्याच्या गर्दीत इन्सुलिन संपलेला माणूस चालत चालत तुमच्या दारात येऊन उभा राहिला, तर त्याला द्यायला तुमच्याकडे काय आहे?

वाईनबद्दल लिहायला नाशिककर जरा लाजतात, पण इथे लिहावंच लागेल. द्राक्षांच्या या जिल्ह्यात वायनरी हा आता पर्यटनाचा मोठा भाग झाला आहे. दिंडोरी आणि गंगापूर धरणाच्या अंगाला लोक मुद्दाम पुण्या-मुंबईहून येतात, मळा बघतात, चव घेतात, जेवतात. दुसरीकडे आपल्या प्रत्येक उपनगरात एक 'वाईन शॉप' आहे. त्याची जाळी, काउंटरपुढची रांग, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून मिळणारी व्हिस्कीची क्वार्टर. परवाना एफएल-2, आणि मालात वाईन म्हणायला दोन-चार बाटल्या. 'बिअर शॉपी' तिसरीच. आणि बसून प्यायची सोय हवी तर परमिट रूम, तिचा परवाना एफएल-3. उत्पादन शुल्क विभागाला हे चारही नीट वेगळे करता येतात. नकाशावर मात्र चौघांचं मिळून कडबोळं झालेलं आहे.

फ्रान्समधला माणूस नाशिकला येऊन 'वाइन स्टोअर' शोधतो तेव्हा त्याच्या मनात शेल्फवर निगुतीने लावलेल्या बाटल्या आणि सल्ला देणारा विक्रेता असतो. त्याला जाळीसमोर उभं करून काय साधणार? स्वीडनच्या माणसाची तर वेगळीच तऱ्हा. तिथे साडेतीन टक्क्यांवरचं मद्य घरी न्यायला विकण्याचा हक्क जवळजवळ सर्वस्वी सरकारी दुकानांच्या एकाच साखळीला आहे, त्यामुळे खासगी वाइन स्टोअर ही कल्पनाच त्याला नवी. उलट आपली वायनरी कुणी 'लिकर स्टोअर' म्हणून टाकली तर मुलाबाळांसह मळा बघायला निघालेलं कुटुंब तिला टाळून पुढे जातं. वाईन शॉपला गूगलवर 'लिकर स्टोअर' आणि ओपनस्ट्रीटमॅपवर 'अल्कोहोल' असे चपखल प्रकार आहेत. ते घ्यायला संकोच वाटतो हे मला कळतं, पण गिऱ्हाईक तसंही ओळखूनच येतं. जिथे द्राक्षांपासून वाईन बनते ती वायनरी. नुसता मळा असेल तर व्हिनयार्ड. कुणाची निवासाची सोयही असते, ती जादा कॅटेगरीत जाईल.

'हॉटेल' शब्दावर फार वेळ घालवत नाही. मिसळीच्या ठिकाणाला 'हॉटेल' कॅटेगरी दिली की यंत्र तुम्हाला चेक-इनची वेळ विचारायला लागतं आणि रात्री खोली शोधणाऱ्याला तुमच्या बंद शटरसमोर आणून सोडतं. 'रेस्टॉरंट' घ्या, मग मेनू, पार्सल, बसून खाण्याची सोय असे कामाचे रकाने उघडतील. धर्मशाळा आणि भक्तनिवास चालवणाऱ्यांनी मात्र निवासाचीच कॅटेगरी घ्यायची, 'मंदिर' नको. ट्रस्ट मंदिराचा असला तरी पांथस्थ तुमच्याकडे येतो तो पाठ टेकायला.

मंदिरावरून आठवलं. त्र्यंबकेश्वरात आणि इकडे रामकुंडाच्या परिसरात पूजा सांगणाऱ्या काही गुरुजींनी स्वतःच्या घराची नोंद 'हिंदू मंदिर' म्हणून केलेली दिसते. यामुळे फोन जास्त येतात, हे खरं असेल. पण दर्शनाला निघालेला माणूस कुणाच्या तरी ओसरीवर जाऊन पोहोचतो आणि तिथे त्याला पूजेचे दर ऐकवले जातात. यात फसवणूक नाही असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता नोंदी भरून देणाऱ्या तरुणांशी थोडं. तुम्ही कष्टाने काम करता, दुकानदाराला मोबाइलवरचं सगळं समजावून सांगता, त्याबद्दल आदर आहे. पण नऊ जादा कॅटेगऱ्या मिळतात म्हणून नऊच्या नऊ भरायची ही पद्धत सोडा. मेन रोडवरच्या एका किराणा दुकानाला मी 'सुपरमार्केट', 'ऑर्गॅनिक फूड स्टोअर', 'ड्रायफ्रूट', 'गिफ्ट शॉप' आणि चक्क 'केटरर' लावलेलं पाहिलं. विचारलं तर दुकानदार म्हणाले, 'त्याने सांगितलं, जेवढं जास्त तेवढं वर येतं.' गूगलच्या स्वतःच्या नियमांत याच्या उलट लिहिलेलं आहे: कमीत कमी कॅटेगऱ्या घ्या, जितकी नेमकी मिळेल तितकी घ्या, आणि शोधशब्द म्हणून त्या वापरू नका. त्यांची कसोटीही सरळ आहे. तुमचा धंदा काय 'आहे' ते लिहायचं, धंद्यात काय काय 'असतं' ते लिहायचं नाही. मंगल कार्यालयात स्वयंपाकघर असतं म्हणून ते रेस्टॉरंट होत नाही. आणि हो, लॉन्सवाल्यांची नोंद करताना 'लॉन केअर सर्व्हिस' दाबू नका. ती गवत कापणाऱ्यांची आहे. तुम्हाला हवंय 'वेडिंग व्हेन्यू'.

काही कर सल्लागार लघुउद्योगांच्या 'उद्यम' नोंदणीतला एनआयसी (राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण) क्रमांक बघून त्याच धर्तीवर कॅटेगरी सुचवतात. तो क्रमांक आर्थिक आकडेवारीसाठी असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणाशी जुळवून भारताने आपली यादी केली, उत्तर अमेरिकेची वेगळी आहे, युरोपीय संघाची आणखी वेगळी. घाऊक, किरकोळ, उत्पादन, सेवा असे भेद तिथे कामाचे. रस्त्यावर उभ्या माणसाला त्यातलं काहीच नको असतं.

दोष सगळा आपलाच आहे असं मात्र मी म्हणणार नाही. यादी दुसरीकडच्या बाजारपेठा बघून बनली, त्यामुळे आपले कित्येक धंदे तिच्यात अवघडून बसतात. कृषी सेवा केंद्राचंच बघा. बियाणं, खत, औषधं, ठिबकचं सामान आणि त्यासोबत द्राक्षावर डाऊनी रोग आला तर काय मारायचं याचा फुकट सल्ला. त्याला 'गार्डन सेंटर' म्हणणं म्हणजे पिंपळगावच्या बागायतदाराला कुंडीतली रोपं विकायला बसवणं. लासलगावची बाजार समिती 'मार्केट' म्हणून टाकली की पिशवी घेऊन दोन किलो कांदे आणायला निघालेला माणूस ट्रॅक्टरांच्या रांगेत जाऊन अडकतो. घाऊक बाजार असं स्पष्ट नोंदवलं तरच तो वाचेल. पिठाच्या गिरणीची तीच गत. बाहेर 'फ्लोअर मिल' म्हणजे पोती बाहेर पडणारा कारखाना. आपल्याकडे डबा ठेवून यायचा आणि तासाभराने गरम पीठ आणायचं. ओपनस्ट्रीटमॅपवर आपलं धान्य नेऊन दळून आणायच्या जागेसाठी स्वतंत्र टॅग आहे, कारण तिथे टॅग वापरणारेच ठरवतात. नवा टॅग हवा असेल तर तुम्हीआम्ही तो सुचवू शकतो, चर्चा होते, पटला तर रूढ होतो. गूगलच्या यादीत आपलं काही चालत नाही. तिथे सगळ्यात जवळची, सगळ्यात कमी फसवी कॅटेगरी घ्यायची आणि बाकीचं वर्णनाच्या रकान्यात दोन ओळींत लिहायचं, एवढंच हातात आहे.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. 2022 च्या डिसेंबरात ॲमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी मिळून ओव्हर्चर नावाची नकाशासंस्था काढली. तिच्या दुकानांच्या माहितीत मेटाकडून येणारा साठाही आहे, म्हणजे फेसबुक पेज उघडताना तुम्ही जी कॅटेगरी घेतली तीही पुढे वेगवेगळ्या ॲपमध्ये जाऊ शकते. पेज कुणी काढलं, पासवर्ड कुणाकडे, हेही आता आठवत नसेल. तरी शोधून बघा. ॲपलच्या नकाशावरची नोंदही मालकाला स्वतः सांभाळता येते, आणि परदेशातून येणाऱ्या पुष्कळांच्या हातात तोच फोन असतो. एका ठिकाणी दुरुस्त केलं म्हणजे सगळीकडे झालं, असं इथे होत नाही.

तर विनंती अशी. या आठवड्यात दुकान उघडल्यावर पहिली दहा मिनिटं यासाठी काढा. स्वतःची नोंद उघडा आणि नावाखालचे ते दोन शब्द वाचा. मग फोनची भाषा बदलून इंग्रजी करा, जमल्यास आणखी एखादी करा, आणि पुन्हा वाचा. तुमच्या दुकानात कधीही पाऊल न ठेवलेला माणूस ते वाचून जे मागायला येईल, ते तुम्ही देता का, एवढं बघा. मुख्य कॅटेगरी बदलल्यावर कधीकधी गूगल पुन्हा पडताळणी मागतं, म्हणून हे काम ऐन पर्वणीवर ढकलू नका. जे धंदे बंद झाले त्यांच्या नोंदी 'कायमचे बंद' करा. दवाखाने, रुग्णालयं आणि मेडिकल यांनी सगळ्यांत आधी.

व्यापारी संघटनांनी मनावर घेतलं तर सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल, शालिमार, नाशिक रोड असं भागवार बसून हे काम उरकता येईल. डॉक्टरांच्या आणि औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी आपल्या सदस्यांना एक साधा निरोप पाठवला तरी अर्धं काम होईल. महाविद्यालयांतली मुलं मदतीला मिळतील, त्यांना ओपनस्ट्रीटमॅप शिकवायला मी तयार आहे. दुपारी दोन ते चार माझ्या काउंटरवर गर्दी नसते.

कळावे,

आपला,
पंचवटीतला एक औषधविक्रेता